कुऱ्ह्याची ॲना सापडते कशी?

समजा, पुण्यात राहणाऱ्या एका ताईंना आपल्या आजीचा बाप्तिस्म्याचा दाखला हवा आहे. त्या भुसावळच्या एका चर्चमध्ये फोन लावतात. हाताशी माहिती तीनच गोष्टींची आहे. आजीचं नाव ॲना, गाव कुऱ्हे, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली एक आठवण : साल एकतीस, झावळ्यांचा रविवार.

फोन घेणारे जर चाळीस वर्षं मंडळीचं दप्तर सांभाळलेले आजोबा असतील, तर ते चष्मा पुसतील, कपाटातून कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर काढतील, चार पानं उलटतील आणि म्हणतील, “सापडली हो ताई. या, दाखला घेऊन जा.” हीच तीन उत्तरं साध्या संगणकाला दिली तर पडद्यावर एक ओळ उमटते : नोंद आढळली नाही.

नोंद तर आहे. कुणीतरी बसून ती टाइपही केली आहे. मग आजोबांना जे दहा मिनिटांत जमलं, ते सेकंदाला कोट्यवधी आकडेमोडी करणाऱ्या यंत्राला का जमू नये? या प्रश्नाच्या मागे लागलं की खानदेशचा भूगोल, बोलीतला ळ आणि आकाशातला चंद्र असं सगळं एका शोधपेटीत येऊन बसतं. मला त्याचं नवल आजही वाटतं.

चर्चचा कारभार सांभाळणारी सॉफ्टवेअर जगभर वापरात आहेत. कुटुंबांची यादी, बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, अर्पणं, संडे स्कूलची हजेरी, पाळकांच्या घरभेटी, सगळं त्यात येतं. त्यातलं ‘चर्चसीआरएम’ मुक्त स्रोत आहे. ‘इन्फोसेंट्रल’ नावाच्या प्रकल्पातून ‘चर्चइन्फो’ निघालं आणि त्यातून हे. त्याचा कोड कुणीही वाचू शकतो, त्यात नवी सोय घालू शकतो. जळगावच्या विद्यापीठात संगणक शिकणाऱ्या मुलीनं मनावर घेतलं, तर कुऱ्ह्याची ॲना सापडण्याची सोय ती स्वतः लिहू शकते. तिला काय काय लिहावं लागेल, ते पाहू.

सुरुवात नावापासून. ॲना. ॲग्नेस, ॲन्थनी, ॲलिस अशी नावं ख्रिस्ती घरांत नेहमीची, आणि सगळ्यांच्या डोक्यावर तो अर्धचंद्र. संगणक अक्षर ओळखतो ते क्रमांकानं. जगातल्या लिप्यांना असे क्रमांक देणारी व्यवस्था म्हणजे युनिकोड. तिच्यात ॲ हे अक्षर आलं २००८ साली, क्रमांक ०९७२. त्याआधी टाइप करणारे काय करत? अ घेत, त्याचा क्रमांक ०९०५, आणि त्यावर चंद्र ठेवत, त्याचा क्रमांक ०९४५. काही जण ए-वर चंद्र देऊन ऍना लिहीत. आता ॲना आणि अॅना ही दोन रूपं शेजारी ठेवा. आपल्या डोळ्याला फरक जवळजवळ कळतच नाही. यंत्राला मात्र एकीकडे एक अक्षर दिसतं, दुसरीकडे दोन, आणि त्याच्या लेखी या दोन वेगळ्या बाया आहेत. राज्य सरकारनं २००९ च्या निर्णयात ॲ आणि ऑ यांना मराठी वर्णमालेत रीतसर जागा दिली. पण त्याआधी टाइप झालेल्या नोंदी जुन्याच रूपात पडून आहेत.

गावाच्या नावात याहून गंमत आहे. कुऱ्हे. मध्ये तो पापणीसारखा र, जो बऱ्हाणपुरात आहे, वऱ्हाडात आहे, बऱ्हाटे आडनावात आहे. हा र संगणकावर दोन वाटांनी लिहिता येतो. एक तर ऱ हे वेगळं अक्षर वापरून. नाहीतर साधा र, हलन्त, आणि त्यामागे एक अदृश्य चिन्ह. हे चिन्ह कागदावर उमटत नाही, जागा व्यापत नाही, त्याची रुंदीच शून्य. तरी ते ओळीत बसलेलं असतं आणि शेजारच्या अक्षरांनी कसं जुळायचं ते ठरवतं. आणि ज्याला या दोन्ही वाटा माहीत नसतात तो रफार देऊन ‘कुर्हे’ लिहून मोकळा होतो. वाचणारा तिन्ही ठिकाणी कुऱ्हेच वाचतो.

म्हणून पहिली सोय अशी : मूळ नोंद जशी आहे तशीच ठेवायची, तिला हात लावायचा नाही. तिच्याशेजारी शोधापुरती एक सावली तयार करायची. सावलीत सगळे ॲ एका रूपाचे, सगळे पापणीचे र एका रूपाचे. शोध सावलीत घ्यायचा आणि दाखवायची मूळ नोंद.

एवढ्यानं भागत नाही, कारण माणसं ऐकून लिहितात. सारख्या उच्चाराची नावं एका गटात टाकण्याची युक्ती जुनी आहे. ‘साउंडेक्स’ या पद्धतीचं पेटंट अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८ साली मिळालं. पण ती इंग्रजी नावांसाठी घडलेली. जळगाव आणि धुळे, दोन्ही नावांत ळ आहे आणि इंग्रजीत ळ नाही. इंग्रजी कागदावरून परत मराठीत आणताना ळ-चा ल होऊन बसतो. उलट आपल्या लेवा बोलीत ळ-चा य होतो. घरात बोलताना जळगाव सहज ‘जयगाव’ होऊन जातं. म्हणजे ळ हा ल-चा शेजारी आणि य-चाही शेजारी, पण ल आणि य यांचं एकमेकांशी काही नातं नाही. तिघांना एकाच गटात कोंबलं तर भलतीच नावं जुळू लागतील.

इथे गटांऐवजी अंतर उपयोगी पडतं. १९६५ साली रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी दोन शब्दांमधलं अंतर मोजण्याची एक साधी रीत मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, ते मोजायचं. आपण त्यात एक भर घालू शकतो : प्रत्येक बदलाची किंमत वेगळी ठेवायची. ळ-चा य, किंमत अगदी कमी. ळ-चा ल, तीही कमी. ल-चा य, पुरी किंमत. न-ण, श-ष, ऱ्हस्व-दीर्घ यांचेही असेच दर लावता येतात. पाहता पाहता खानदेशच्या बोलण्यातल्या दरांचा एक तक्ता तयार होतो. आजोबांच्या कानात हा तक्ता जन्मापासून होता. तो कागदावर कधी कुणी मागितला नव्हता.

आता गाव. भुसावळ तालुक्यात कुऱ्हे पानाचे आहे आणि मुक्ताईनगर तालुक्यात कुऱ्हा काकोडा. आजी कुठली? रजिस्टरात जिल्हा लिहिलेला असेल, त्यावरून कळेल म्हणावं, तर दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली, आणि शिवाय १९३१ मध्ये जळगाव नावाचा जिल्हाच नव्हता. १९०६ मध्ये खानदेशचे दोन भाग झाले, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पूर्वेला जळगाव आणि पश्चिमेला धुळे ही नावं आली. मुक्ताईनगरही जुन्या कागदांत एदलाबाद म्हणून सापडतं. नंदुरबारची कथा तर विचारूच नका. जुनी मिशनकेंद्रं त्या मुलखात बरीच. तिथल्या एखाद्या घराण्यात पणजोबांची नोंद खानदेश जिल्ह्यात, आजोबांची पश्चिम खानदेशात, वडिलांची धुळे जिल्ह्यात आणि मुलाची, १ जुलै १९९८ नंतरची, नंदुरबार जिल्ह्यात. चार पिढ्या, चार जिल्हे, आणि घर मात्र जागचं हललेलं नाही!

साध्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्यासाठी एक यादी असते, त्यातलं एक नाव निवडा. या यादीत पूर्व खानदेश नसतं. मग टाइप करणारा बिचारा ‘जळगाव’ निवडतो आणि मूळ कागदावर नसलेला शब्द नोंदीत घुसतो. दुसरी सोय इथे हवी. गाव म्हणजे नकाशावरचा एक ठिपका, तो कायमचा. नाव, तालुका, जिल्हा, राज्य ही त्या ठिपक्यावर चिकटवलेली लेबलं, आणि प्रत्येक लेबलावर दोन तारखा : कधीपासून, कधीपर्यंत. मग ‘पूर्व खानदेश’ शोधा की ‘जळगाव’, ठिपका तोच उजळतो, आणि दाखल्यावर त्या काळचं नाव छापता येतं.

उरली तारीख. झावळ्यांचा रविवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार. आणि ईस्टर दरवर्षी हलतो. नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी जी पौर्णिमा, तिच्यानंतरचा पहिला रविवार. ही पौर्णिमा आकाशात पाहून ठरवायची नसते, ती कोष्टकातून निघते. कोष्टकाचा पाया म्हणजे १९ वर्षांचं चक्र. १९ सौर वर्षांत चंद्राचे २३५ महिने जवळजवळ अचूक बसतात. हा २३५ आकडा आपल्या पंचांगातही लपलेला आहे. १९ वर्षांचे बारा-बारा महिने म्हणजे २२८, आणि त्यात सात अधिक महिने. बेरीज २३५. देऊळ असो की चर्च, सणांचं गणित एकाच चंद्रावर चाललेलं आहे.

जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८०० साली ही कोष्टकं काही भागाकारांत आणून ठेवली. आपल्या काळासाठी, म्हणजे १९०० ते २०९९ या वर्षांसाठी, काही वर्षांचा अपवाद सोडता, पौर्णिमा अशी निघते. १९३१ ला १९ ने भागा, बाकी १२. या १२ ला १९ ने गुणा, २२८. त्यात २४ मिळवा, २५२. त्याला ३० ने भागा, बाकी पुन्हा १२. २१ मार्चपासून १२ दिवस पुढे मोजा : २ एप्रिल. त्या वर्षी २ एप्रिलला गुरुवार होता, म्हणून पुढचा रविवार ५ एप्रिल, तोच ईस्टर. आणि त्याआधीचा रविवार २९ मार्च १९३१. ॲनाच्या बाप्तिस्म्याची तारीख आपण कागद न उघडता काढली!

आता हेच गणित २०२६ साठी करा. १९ ने भागल्यावर बाकी पुन्हा १२, कारण मधली ९५ वर्षं म्हणजे १९ ची पाच चक्रं. पौर्णिमा २ एप्रिल, ईस्टर ५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार २९ मार्च. वारसुद्धा जुळले. आणि २०२६ च्या कॅलेंडरात २ एप्रिलच्या चौकोनात काय छापलं आहे? हनुमान जयंती, चैत्र पौर्णिमा.

म्हणून तिसरी सोय : तारखेच्या रकान्यानं दिवस-महिना-साल असा हट्ट धरू नये. ‘झावळ्यांचा रविवार, १९३१’ असं लिहिलं तरी त्याला कळावं. ‘आखाजीच्या दोन दिवस आधी’ असं कुणी सांगितलं तर पंचांगात अक्षय्य तृतीया पाहून त्यानं तारीख काढावी. आणि ‘होळीच्या सुमाराला’ एवढंच ठाऊक असेल तर एक तारीख ठोकून न देता पंधरवड्याची मुदत नोंदवावी. खानदेशातली माणसं काळ असाच लक्षात ठेवतात.

चर्चची नोंदवही ही चीज जुनी आहे. कॅथलिक चर्चनं १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेत लग्नांची वही ठेवणं बंधनकारक केलं. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. १७०९ पासूनच्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात तर लग्नाची वेळही ठरवून दिली आहे : काही अपवाद सोडता, सकाळी सहा ते संध्याकाळी सात. मे महिन्यात जळगावात ऊन कलल्यावर लग्न लावू म्हणणाऱ्या घराला पाळक हळूच घड्याळ दाखवतात. चांगल्या सॉफ्टवेअरनंही साडेसातची वेळ भरली जात असताना असंच हळूच सांगावं.

पण मला सर्वात मोलाचा वाटतो तो रजिस्टरातला शेवटचा रकाना : शेरा. कॅथलिक धर्मग्रामांत, आणि धुळे-जळगाव ज्यात येतात त्या नाशिक धर्मप्रांतातही, रीत अशी की माणसाचं लग्न कुठेही झालं तरी त्याची खबर बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवली जाते आणि तिथल्या मूळ नोंदीशेजारी लिहिली जाते. लग्न सुरतेत झालं, तरी ओळ धुळ्यात भरते. जुनी अक्षरं खोडली जात नाहीत, शेजारी नवी येतात. संगणकवाले आज अशाच वहीची शिफारस करतात : काही पुसू नका, प्रत्येक बदल नव्या ओळीत जोडा, कुणी आणि कधी जोडला तेही लिहा. धुळ्याला हे वेगळं समजावायला नको. इतिहासाचार्य राजवाड्यांनी दारोदार फिरून जमवलेले कागद याच शहरानं जपून ठेवले आहेत.

शेऱ्यात कधी नाजूक गोष्टीही असतात. कुणाला मंडळीतून दूर केलं होतं, कुणाच्या बापाचं नाव कोरं आहे. रजिस्टर दाखवताना आजोबा एक गोष्ट नकळत करत. बोट ॲनाच्या ओळीवर ठेवत आणि दुसऱ्या हाताचा पंजा वरच्या-खालच्या ओळींवर पसरत, बघणाऱ्याला शेजारच्यांचं काही दिसू नये म्हणून. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आता या गोष्टी कलमांत सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये त्याला ‘परवानगी’ म्हणतात : पाळकाला काय दिसावं, खजिनदाराला काय, फोनवरच्या ताईंना काय. ही सोय लिहायला बसलेल्या मुलीनं आधी तो पंजा नीट आठवावा.

नावाचा तक्ता, गावाची लेबलं, चंद्राचं चक्र, हाताचा पंजा. आजोबांनी यातलं काहीही कधी ‘फीचर’ म्हणून शिकलं नव्हतं, आणि त्यांच्यानंतर ते आपोआप उरणारही नाही. ते जिवंत आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून विचारून घ्यायला हवं. मग एक दिवस शोधपेटीत तीनच गोष्टी पडतील, आणि पडद्यावर त्या काळच्या पाळकांनी लिहिलं होतं तसंच्या तसं येईल : ॲना, कुऱ्हे, पूर्व खानदेश, २९ मार्च १९३१. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जुन्या अक्षरांच्या खाली, एक नवी ओळ जोडली जाईल : नातीस दाखला दिला.