घर, दुकान आणि माग

बुऱ्हाणपूरच्या जुन्या शहरात सिंधीपुरा नावाचा एक मोहल्ला आहे. तटाबाहेर सिंधी बस्ती आहे. नावे सारखी, पण दोहोंमध्ये साडेतीन शतकांहून अधिक काळाचे अंतर आहे. सोळाव्या शतकात सिंधमधील पाट गावचे सूफी विद्वान गुजरात व एलिचपूर या मार्गाने येथे आले. फारुकी सुलतानांच्या आश्रयाने त्यांच्याभोवती जी वस्ती जमली, तीच सिंधीपुरा. सिंधी बस्ती मात्र 1947 च्या फाळणीत घरदार गमावून आलेल्या हिंदूंची.

परमुलखात आलेला मनुष्य प्रथम आपल्या माणसांच्या शेजारी बिऱ्हाड थाटतो, हे सांगावयास पंडित नको. विचार करण्याजोगा प्रश्न पुढचा आहे. चार पैसे गाठीला आल्यावर काही समाज ती गल्ली सोडून मोकळ्या जागी जातात, तर काही पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहतात. असे का व्हावे?

अमेरिकेतील कोरियन लोकांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. 1965 च्या कायद्याने दार उघडल्यावर ते मोठ्या संख्येने तेथे गेले. लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिक बुलेव्हार्डच्या आसमंतात त्यांच्या पाट्या झळकू लागल्या. न्यूयॉर्कमध्ये फ्लशिंग गजबजले. पुढे मुलांच्या शाळांसाठी व स्वतःच्या घरासाठी अनेक कुटुंबे उपनगरांत गेली. लॉस एंजेलिसमध्ये 1992 च्या दंगलीत कोरियनांची शेकडो दुकाने जळाली, त्या धास्तीचाही त्यात वाटा होता. न्यू जर्सीतील पॅलिसेड्स पार्क या लहानशा गावात 2010 च्या शिरगणतीत निम्म्याहून अधिक वस्ती कोरियन निघाली. हे त्यांना साधले, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांचा चरितार्थ दुकानावर होता. दुकान शहरात ठेवून रात्री उपनगरातल्या घरी परतता येते.

आता बुऱ्हाणपूरच्या मोमीन विणकरांकडे पाहा. 1857 नंतरच्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानातून जे विणकर दक्षिणेकडे आले, त्यांतले काही मालेगाव-भिवंडीस गेले, काही येथे स्थिरावले. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, तरी माग बहुतांशी घरातच राहिला. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. पुरुष माग चालवतो, बाया कांड्या भरतात. सुताचा व्यापारी, बिघडलेला माग दुरुस्त करणारा, कापड उचलणारा हे सारे हाकेच्या अंतरावर. अशा माणसाला घर बदल म्हणणे म्हणजे धंदा मोड म्हणण्यासारखे आहे. विणकर जुन्या वळणाचे म्हणून गल्लीला चिकटून राहतात, हा शेरा मला तरी अन्यायाचा वाटतो.

अर्थात त्या खडखडाटात लहान मुले अभ्यास करतात, म्हातारे आजारपण काढतात, आणि सुताची कणी जेवणाच्या ताटापर्यंत येते. माग घराबाहेर गेला पाहिजे, हे म्हणणे म्हणूनच खोटे नाही. पण नुसते माग उचलून गावाबाहेरच्या शेडमध्ये नेले, तर घरकामातून सवड काढून कांड्या भरणाऱ्या बाईची मिळकत बुडते. तेव्हा शेडची जागा आखताना घरांचीही जागा तिच्या शेजारी, पायी जाता येईल इतक्या अंतरावर आखावी लागेल. सुताची गुदामे आणि दुरुस्तीची दुकाने त्यांच्या मागोमाग येतील.