टी-शर्टवरील चित्र आणि खोक्यातला साठा

चित्रकलेची जाण आणि संगणकाचा सराव असलेल्या तरुणाला स्वतःच्या टी-शर्टचा धंदा हाकेच्या अंतरावर वाटतो. डोक्यात चार कल्पना असतात, मित्रमंडळी कौतुक करतात आणि छपाई करून देणारा कारागीरही शहरात सापडतो. शंभर शर्ट तयार होतात. पहिल्या आठवड्यात चाळीस विकले जातात. त्यानंतर मात्र विक्री मंदावते आणि घरातल्या पलंगाखाली एक खोके मुक्कामाला येते. ते उघडून पाहिले तर त्यात बहुधा अगदी लहान आणि अगदी मोठ्या मापाचेच शर्ट आढळतात. चित्र चांगले असूनही भांडवल का अडकले, याचे उत्तर त्या खोक्यात असते. या व्यवसायात उतरू पाहणाऱ्याने कुंचला हाती घेण्यापूर्वी ते समजून घेणे हिताचे ठरते.

अंतर्वस्त्रापासून फलकापर्यंत

टी-शर्ट हे मूळचे अंतर्वस्त्र. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकी नौदलातील खलाशी ते गणवेशाच्या आत घालत असत. पुढे ते बाहेर आले आणि छातीवरची मोकळी जागा मजकुराचा फलक बनली. मिल्टन ग्लेझर यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या पर्यटनासाठी केलेले लाल हृदयाचे बोधचिन्ह पुढे जगभर टी-शर्टवरून फिरले. भारतात मुंबईच्या ‘तंत्रा’ने १९९७ पासून देशी विनोद आणि चिन्हे छातीवर आणली. २०१२ मध्ये ‘बेवकूफ’ आणि २०१३ मध्ये ‘द सोल्ड स्टोअर’ या कंपन्या मुंबईतच सुरू झाल्या आणि इंटरनेटवरील विक्रीच्या बळावर वाढल्या. नवख्याने त्यांचे चित्र पाहण्याआधी त्यांची व्यवस्था पाहावी. मापे, कापड, परतीचा माल आणि हक्क या चार गोष्टी सांभाळल्याखेरीज असा व्यवसाय टिकत नाही.

कापड कसे पारखावे?

कोऱ्या टी-शर्टचे देशातील सर्वात मोठे केंद्र तमिळनाडूतील तिरुपूर हे आहे. मात्र तेथील कारखाने सहसा मोठ्या संख्येची मागणी स्वीकारतात. पन्नास-शंभर नगांसाठी आपल्या शहरातील होजिअरीच्या घाऊक व्यापाऱ्याकडे जाणेच सोयीचे असते.

कापडाचे वजन ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममध्ये सांगितले जाते. १६० जीएसएमचे कापड पातळ, १८० चे नेहमीच्या वापराचे, तर सैल आणि उतरत्या खांद्यांच्या शर्टांसाठी २०० हून अधिक वजनाचे कापड वापरतात. ‘कोम्ब्ड कॉटन’ म्हणजे आखूड तंतू विंचरून काढलेले सूत. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने छपाई स्वच्छ उठते. ‘बायोवॉश’ केलेल्या कापडावर लव कमी येते. व्यापारी हे सारे शब्द सहज उच्चारतो. त्यांची खातरजमा मात्र धुलाईनेच होते. एक शर्ट विकत घ्यावा, लांबी-रुंदी मोजून ठेवावी, तीन वेळा धुवावा आणि पुन्हा मोजावा. शर्ट आटला किंवा शिवण तिरकी झाली, तर दोष व्यापाऱ्याचा असला तरी ग्राहकाची तक्रार चित्रकाराकडेच येते.

छपाईच्या तऱ्हा

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळीची चौकट बनवावी लागते. चौकटीचा खर्च एकदाच होतो, त्यामुळे नग वाढतील तशी प्रत्येक शर्टावरील छपाई स्वस्त होत जाते. प्लास्टिसोल शाई गडद कापडावर उठून दिसते, परंतु ती सुमारे १६० अंश सेल्सिअस तापमानाला नीट पक्की करावी लागते. उष्णता कमी पडली तर काही धुण्यांतच चित्राला भेगा पडतात. पाण्यावर आधारलेली शाई कापडात मुरते आणि हाताला मऊ लागते, पण गडद रंगावर ती फिकी पडते.

‘डीटीजी’ प्रकारात यंत्र थेट कापडावर छापते, तर ‘डीटीएफ’मध्ये चित्र आधी फिल्मवर छापून उष्णतेने शर्टावर उतरवले जाते. या दोन्हींत चौकट लागत नाही, म्हणून एकच नगही छापता येतो. सब्लिमेशन पद्धत मुख्यतः पांढऱ्या वा फिक्या पॉलिएस्टरसाठी आहे. सुती शर्टासाठी ती उपयोगाची नाही.

मराठी अक्षरे छापणाऱ्याने आणखी एक खबरदारी घ्यावी. छपाईवाल्याच्या संगणकावर फाइल उघडताना जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या सरकतात. म्हणून अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर करूनच फाइल द्यावी. बारीक अनुस्वार आणि रकार जाड जाळीत हरवतात, त्यामुळे पहिला नमुना डोळ्यांनी वाचल्याशिवाय पुढील छपाईला संमती देऊ नये. फाँटलाही मालक असतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फाँट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. इतर फाँट वापरताना परवाना वाचणे आवश्यक आहे.

शंभर शर्टांचे गणित

आता हिशेब पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून तो पुन्हा मांडावा. कोरा शर्ट १६० रुपयांना मिळाला. चित्रात तीन रंग आहेत. प्रत्येक चौकटीचे ४०० म्हणजे एकूण १,२०० रुपये, आणि छपाईची मजुरी दर रंगाला १० म्हणजे प्रत्येक शर्टामागे ३० रुपये. लेबल, घडी आणि पिशवीचे १८ रुपये. शंभर नग छापले तर चौकटीचा भार प्रत्येकी १२ रुपये पडतो आणि एक शर्ट २२० रुपयांत तयार होतो. दहाच नग छापले तर तोच भार १२० रुपये होऊन शर्ट ३२८ रुपयांना पडतो. या फरकामुळेच नवखा माणूस शंभराच्या मागणीकडे ओढला जातो.

शंभर शर्टांना २२,००० रुपये लागले. विक्रीची किंमत ४९९ रुपये ठेवली आणि कर, विक्री संकेतस्थळाचे कमिशन व कुरिअर यांत १५४ रुपये गेले, तर हाती ३४५ रुपये उरतात. म्हणजे गुंतवलेली रक्कम परत येण्यासाठी ६४ शर्ट विकले जावे लागतात. सारा नफा उरलेल्या ३६ शर्टांत असतो.

येथे मापांचा प्रश्न येतो. समजा, एस, एम, एल आणि एक्सएल असे प्रत्येकी २५ शर्ट घेतले. मधली दोन्ही मापे संपली, म्हणजे ५० गेले. टोकाच्या दोन मापांचे प्रत्येकी सातच विकले गेले. एकूण विक्री झाली ६४. भांडवल जेमतेम सुटले आणि नफ्याचे ३६ शर्ट खोक्यात राहिले. वर एम मापाची मागणी येत राहिली, ती निराळीच.

याच रकमेत मापे एकास दोन, दोनास एक या प्रमाणात, म्हणजे १६, ३४, ३४ आणि १६ अशी घेतली असती आणि मधल्या मापांना तेवढी मागणी असती, तर ६८ आणि १४ मिळून ८२ शर्ट गेले असते. हाती २८,२९० रुपये आले असते, खर्च वजा जाता ६,२९० रुपये नफा. चित्र तेच, कापड तेच, खर्चही तोच. फरक पडला तो केवळ मागणीपत्रावरील चार आकड्यांनी. हे प्रमाणही सर्वत्र सारखे नसते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत लहान मापे अधिक जातात, तर नोकरदार मध्यमवयीन गिऱ्हाइकांत मोठी. पहिल्या वीस-तीस विक्रींची मापे वहीत टिपून ठेवणारा पुढच्या खेपेस चुकत नाही.

आधी मागणी, मग छपाई

साठ्याचा धोका टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, मागणी येईल तसा एकेक शर्ट छापून पाठवणाऱ्या कंपन्यांचा. यात नफा तुटपुंजा राहतो, पण कोणते चित्र चालते हे पदरचे पैसे न अडकवता कळते. पाच चित्रांपैकी एक जरी चालले, तर तेवढ्याच चित्राच्या चौकटी बनवाव्यात.

दुसरा मार्ग समूहाच्या मागणीचा. ढोल-ताशा पथके, महाविद्यालयीन महोत्सव, नाट्यस्पर्धेतील संघ, गिर्यारोहण संस्था, धावण्याच्या शर्यती यांना शर्ट लागतातच. येथे मापांची यादी आणि निम्मी रक्कम आगाऊ घेता येते. मात्र तारीख पाळावी लागते. गणेशोत्सवाचा शर्ट विसर्जनानंतर कोणी घेत नाही. ज्यावर साल छापले आहे असा शर्ट मागणीपेक्षा एकही जास्त छापू नये.

चित्र कोणाचे?

दुसऱ्याचे चित्र वापरण्याचा मोह या व्यवसायात फार. चित्रपटातील पात्रे आणि कंपन्यांची बोधचिन्हे परवान्याविना छापणे बेकायदा आहे. साहित्याचेही तसेच. भारतात लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. ज्ञानेश्वर-तुकारामांचे शब्द सर्वांचे आहेत, १९०५ मध्ये निवर्तलेल्या केशवसुतांच्या कविताही मुक्त झाल्या आहेत. परंतु २००० साली निधन झालेल्या पु. ल. देशपांडे यांच्या लेखनावरील हक्क २०६० अखेरपर्यंत आहेत.

राष्ट्रीय चिन्हांबाबत वेगळे कायदे आहेत. चिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचे नाव व चित्र समाविष्ट असून, व्यापारासाठी त्यांचा वापर करण्यास केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. बाजारात सर्रास दिसणारी गोष्ट कायदेशीर असतेच असे नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

आपल्या चित्राचे रक्षण करताना तर अनेकांची फसगत होते. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १५ नुसार, ज्या डिझाइनची डिझाइन कायद्याखाली नोंदणी होऊ शकत होती पण केली नाही, त्याच्या वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक वेळा निर्माण झाल्या की त्यावरील स्वामित्वहक्क संपतो. एखादे चित्र निव्वळ कलाकृती आहे की वस्तूला लावलेले डिझाइन, हा वाद न्यायालयांपुढे वारंवार आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये त्यासाठी कसोटी सांगितली. तरी निर्णय प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलावरच ठरतो. शिवाय डिझाइनची नोंदणी चित्र लोकांसमोर येण्यापूर्वी करावी लागते. आधी समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकून मग अर्ज केला, तर नावीन्यच उरत नाही. नोंदणीचे संरक्षण दहा वर्षे असते आणि ते आणखी पाच वर्षे वाढवता येते.

छोटी घोषवाक्ये सहसा स्वामित्वहक्काच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून शर्टमालिकेचे नाव नोंदवणे हा लहान उद्योजकासाठी अधिक टिकाऊ उपाय ठरतो. कपडे व्यापारचिन्हांच्या २५ व्या वर्गात येतात. व्यक्ती वा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकून पुढे नूतनीकरणास पात्र असते. चित्राची नक्कल कोणीतरी करणारच. नाव मात्र आपले राहते.

कराचा तपशील

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर पाच टक्के आणि त्याहून महाग कपड्यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्यास वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. परंतु एक शर्ट जरी कर्नाटकातील ग्राहकाला विकला, तरी तो आंतरराज्य व्यवहार ठरून नोंदणी करावी लागते. मोठ्या विक्री संकेतस्थळांवरून केवळ राज्यांतर्गत विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर सवलत मिळाली आहे. लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे.

हे सारे वाचून चित्रकाराने नाउमेद होण्याचे कारण नाही. दहा-वीस शर्टांचा प्रयोग फसला तर एका महिन्याचा खिशातला खर्च जातो. शंभरांचा फसला तर घरच्यांचा विश्वासही जातो. म्हणून पहिली खेप लहान असावी, तिची मापे वहीत उतरावीत आणि दुसरी खेप त्या वहीच्या सल्ल्याने छापावी. चांगल्या चित्राला गिऱ्हाईक मिळते. पण ते गिऱ्हाईक येईल तेव्हा त्याच्या मापाचा शर्ट शिल्लक असला पाहिजे.