बॅटरीचा जबाब

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूरकरांस कोणी पढवावयास नको. परंतु अशा पुरात चिखली-आंबेवाडीकडे लोटावयाच्या बोटीचे इंजिन वर्षातील बहुतेक महिने निरुद्योगी पडून राहिले, तर ऐन आषाढात सेल्फ मारताच ते केवळ ‘टक्’ म्हणून स्तब्ध होण्याचा संभव असतो, याची चौकशी मात्र उन्हाळ्यातच व्हावयास हवी.

असे झाले की मीटर लावावा, तो १२.६ व्होल्ट दाखवितो आणि बॅटरी निर्दोष सुटते. हा जबाब विश्रांतीतला असल्याने ग्राह्य धरू नये. स्थिर स्टार्टर मोटारीत विरोधी विद्युत्दाब नसल्यामुळे पहिल्या क्षणी प्रवाह सर्वाधिक असतो. तो १०० अँपियर धरला आणि गंजलेल्या टर्मिनलचा रोध ०.०२ ओहम असला, तर दोन व्होल्ट तेथेच लुप्त होतात आणि २०० वॅट उष्णता त्या जोडावर उधळली जाते. मीटरमधून जाणारा प्रवाह नगण्य, म्हणून त्यास ही घट दिसत नाही. कळंबा रस्त्यावरील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचे शिक्षण घेणाऱ्या मुलास ओहमचा नियम मुखोद्गत असतो. त्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर, दुसरे स्टार्टरच्या धन टोकावर ठेवून सेल्फ दाबावयास सांगावे. अर्ध्या व्होल्टहून बरेच अधिक दिसले, की कसूर त्या वाटेवरच्या केबलचा, जोडांचा वा सोलेनॉइडच्या जळक्या संपर्कांचा; ऋण बाजूचीही तशीच रुजवात घ्यावी. मात्र खुद्द बॅटरीचाच दाब साडेनऊच्या खाली कोसळला, तर ती उतरलेली तरी आहे किंवा तिच्या पट्ट्यांवर सल्फेट तरी बसले आहे. क्वचित मोटारच अडकून अवाजवी प्रवाह ओढीत असते.

‘टक्’ही नसेल, तर प्रथम गिअर न्यूट्रलला आहे का ते पाहावे, मग फ्यूज. मोटार फिरते पण फ्लायव्हील हलत नाही, तेव्हा मोटारीला फ्लायव्हीलशी जोडणाऱ्या बेंडिक्सवरचे ग्रीस बहुधा वाळलेले असते. सेल्फ दहा सेकंदांहून अधिक धरू नये, वाइंडिंग जळते.

इंजिन प्रत्यक्ष चालवून पाहावयाचे, तर शीतलक पंप पाण्यात बुडालेला हवा. प्रशिक्षण संस्थेजवळ कळंबा तलाव आहे खरा, पण संस्थानकाळापासून शहरास पाणी पुरविणाऱ्या त्या जलाशयात पेट्रोलचा तवंग सोडण्यापेक्षा पाण्याचे मोठे पिंप बरे.