शेळ्या 25 टक्के वाढल्या की परतल्या?

2019 च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात 1 कोटी 6 लाख शेळ्या मोजल्या गेल्या. 2012 मध्ये त्या 84.35 लाख होत्या, वाढ 25.7 टक्के. याच काळात देशातली वाढ 10.1 टक्के, तर सर्वाधिक शेळ्या असलेल्या राजस्थानात 3.8 टक्के घट.

पण तुलना 2012 शी केली म्हणून वाढ एवढी दिसते. 2003 मध्ये राज्यात 106.84 लाख शेळ्या होत्या, 2007 मध्ये 103.91 लाख. पुढच्या पाच वर्षांत साडेएकोणीस लाख घटल्या. 2012 हे मराठवाड्यात दुष्काळाचे वर्ष होते. 2019 चा आकडा 2003 पेक्षा 80 हजारांनी कमीच आहे. सोळा वर्षांचा हिशेब केला तर वाढ झालेलीच नाही, फक्त तूट भरली आहे.

ही तूटही सगळ्या जनावरांची भरली नाही. 2012 ते 2019 मध्ये राज्याचे एकूण पशुधन 1.83 टक्के, म्हणजे सुमारे 6 लाखांनी वाढले. एकट्या शेळ्या साडेएकवीस लाखांनी वाढल्या. याचा अर्थ बाकीची जनावरे मिळून साडेपंधरा लाखांच्या आसपास घटली.

शेळी इतक्या लवकर का सावरते, ते उस्मानाबादी जातीच्या वेतांवरून कळते. (जिल्हा 2023 पासून धाराशिव झाला, जातीचे नाव तेच राहिले.) गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हशीचा दहा. दोन वर्षांत तीन वेत आणि दर वेताला जुळी धरली, तर सहा करडे. म्हैस तेवढ्या काळात फार तर दोन रेडके देते.

या जातीच्या नोंदींत दोन गोष्टी खटकतात. काळ्या रंगाची जनावरे सुमारे 73 टक्के. त्यामुळे काळी तीच अस्सल मानणारे गिऱ्हाईक चारातली एक शेळी उगाच नाकारते. दुसरी गोष्ट गंभीर आहे. प्रौढ बोकडाचे सरासरी वजन 34 किलो, शेळीचे 32. नर-मादीत फरक अवघा दोन किलोंचा. माझ्या मते याचे एक कारण बाजारात आहे: वजनदार बोकड आधी विकला जातो आणि पैदाशीला उरतो तो हलका. तीस शेळ्यांमागे एक बोकड धरला, तर 300 शेळ्यांच्या गावाला दहा पुरतात. पशुगणना डोकी मोजते. हे दहा बोकड निवडून विक्रीतून मागे ठेवले गेले की नाही, हे तिच्यात दिसत नाही.