काडतूस कळकतं तेव्हा

पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की त्यात ताक ठेवायचं नाही, ते कळकतं, हे मला आईने शिकवलं. काडतूसही कळकतं, हे तात्यांनी शिकवलं. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर त्यांच्या शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना वारसाहक्काने माझ्या नावावर झाला, त्याला आता बारा वर्षं होतील. सावंतवाडीहून आंबोलीकडे जाणाऱ्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी आमची शेती आहे. खाली भात, वर काजू, मधल्या कुणग्यात केळी आणि सुपारी. भात पोटरीला आलं की डुकरांचा कळप एका रात्रीत कोपरा लोळवून जातो. बंदूक आहे ती त्यांना हुसकायला. शिकारीला बंदी आहे आणि डुक्कर मारायचं झालं तरी वनखात्याची परवानगी लागते. आम्ही हवेत बार काढतो, कळप पांगतो.

एका वर्षी भाद्रपदात, पावसाची झड थांबल्यावर, मी मळ्याच्या बांधावर उभी होते. तात्या मागे, हातात विजेरी. खालून चिखल तुडवल्याचा आवाज आला. मी नळी आभाळाकडे धरून चाप ओढला. दणका व्हायच्या जागी ‘फस्स’ झालं, ओली लवंगी पेटावी तसं. खांद्याला धक्का जवळजवळ बसलाच नाही. मी घाईने बंदूक मोडली, ते काडतूस काढलं आणि खिशातलं दुसरं हातात घेतलं.

“थांब गो! आदी नळी बघ.”

तात्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की सकाळी वळ दिसत होता. त्यांनी विजेरी नळीच्या तोंडाशी लावली आणि मला मागच्या बाजूने, काडतूस घालतो त्या भोकातून, आत बघायला सांगितलं. एरवी आरशासारखी गोल चकाकी दिसते. त्या रात्री काळोख होता. दारू आणि छर्रे यांच्या मध्ये नमद्याची जाड चकती असते, ती नळीत वीतभर पुढे जाऊन अडकली होती. मी दुसरा बार काढला असता तर त्याच्या वायूला पुढे वाट मिळाली नसती आणि नळी फाटली असती. नळीखाली माझा डावा हात होता.

म्हणून ओलाव्याबद्दल कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते. दमट काडतूस उडत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. ते अर्धवट उडतं तेव्हा जिवाशी गाठ असते.

त्यातही मी दोन चुका केल्या होत्या. आवाज हलका आला की पुढचं काडतूस घालायचं नाही, हे विसरले, ही एक. दुसरी घाईची. चाप ओढूनही बार झाला नाही, किंवा नीट झाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला तशीच धरून निदान मिनिटभर थांबायचं असतं. ओल धरलेली दारू कधीकधी उशिरा पेट घेते, आणि तोवर बंदूक मोडलेली असेल तर तो बार तोंडावर येतो.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी काडतुसांची पेटी ओटीवर आणली. अकरा उरली होती, वडिलांच्या वेळची, कागदी नळकांड्याची. आता बहुतेक काडतुसं प्लॅस्टिकच्या नळकांड्याची येतात, पण जुनी जाड कागदाची असत. तात्यांनी एकेक काडतूस दोन बोटांत फिरवून बघितलं. चारांचं अंग फुगलं होतं, हाताला खडबडीत लागत होतं, दोन काडतुसांचं तोंड उललं होतं. बुडाच्या पितळेवर हिरवट पूड होती. एकाच्या कडेला केसाएवढी चीर होती. तात्यांनी ती मला नखाने चाचपायला लावली. “ही पेटी खंय होती?” त्यांनी विचारलं. पडवीतल्या फडताळात, मी म्हटलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे गोठा.

ती चीर कशाची, हे मला पुढे धातूंवर वाचताना कळलं. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. पत्रा दाबून-ओढून त्याची वाटी करतात, तेव्हा धातूच्या अंगात ताण उरतो. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि पाऊस सरला की त्यांना भेगा पडलेल्या दिसत. दोष पावसाचा समजत. खरं कारण 1921 साली इंग्लंडमधल्या धातुशास्त्रज्ञांनी उलगडून मांडलं : घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतली ओल आणि पितळेतला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. पितळ तापवून त्यातला ताण घालवला की भेगा थांबतात. आमच्या गोठ्यात घोडे नव्हते, दोन म्हशी आणि एक पाडी होती. अमोनियाला जनावराची जात कळत नाही. “दारूगोळा गोठ्याकडे ठेवू नये” हे तात्यांच्या आजोबांचं सांगणं होतं, त्यामागचं कारण त्यांना ठाऊक नव्हतं. मला तो जुना माणूस फार मोठा वाटतो.

आता नुसत्या ओलीचं बघू. काडतुसात ती तीन ठिकाणी काम करते. बुडाच्या मधोमध टोपी असते, आमच्याकडे तिला केप म्हणतात. घोडा आपटला की ठिणगी देणारं स्फोटक द्रव्य तिच्यात चिमूटभरच असतं. त्याला ओल किंवा तेल लागलं की ते मंद होतं. त्याच्यापुढची धूर न करणारी दारू मुळात कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेली असते. तीही थोडी ओल धरते, सावकाश जळते, आणि मग माझ्या रात्रीसारखं ‘फस्स’ होतं. तिसरं ठिकाण म्हणजे कागद. तो फुगला की काडतूस नळीत अर्धंच जातं. ते अंगठ्याने रेटायचं नसतं.

ठासणीच्या बंदुकीची काळी दारू याहून नाजूक. तिच्यात साधारण तीन चतुर्थांश सोरा असतो, बाकी कोळसा आणि गंधक. शुद्ध सोरा फारशी ओल खेचत नाही. त्यात दुसऱ्या क्षारांची भेसळ असली की तो मिठासारखा पाझरतो, म्हणून एका घरची दारू पावसात टिकते आणि शेजारच्या घरची दगड होते. बार काढल्यावर नळीत राहणारी राखही पाणी धरते आणि लोखंड खाते. ठासणीची बंदूक त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, पुसून, वाळवून मग तिला तेल लावायचं. आणि ती भरून खुंटीला टांगायची पद्धत कोकणात अजून आहे, ती बंद व्हायला हवी. पावसाळाभर भरलेली बंदूक बार देईलच असं नाही, पण मूल तिला हात लावील तेव्हा देणार नाही असंही नाही.

आता काडतुसं ठेवायचा माझा डबा. झाकणाला रबराची वादी असलेला, पाचेक लिटरचा. पहिल्या वर्षी मी काडतुसं दुकानातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांसकट त्यात ठेवली, जूनच्या पहिल्या आठवड्यात झाकण आवळलं आणि निर्धास्त झाले. गणपतीत बघितलं तर खोक्यांना बुरशी. हवाबंद डबा हवा बंद करतो, कोरडी करत नाही. जी हवा आत घेतली तीच चार महिने आत राहते.

मी याचा हिशोब करून बघितला. तीस अंशांच्या दमट हवेत घनमीटरला जास्तीत जास्त तीस ग्रॅम पाणी मावतं. म्हणजे पाच लिटरच्या डब्यात तीन थेंब. एवढ्याने बुरशी यायची नाही. पाणी होतं पुठ्ठ्यात. कागद हवेतली ओल पिऊन बसतो आणि ओलीच्या दिवसांत त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा, कधी त्याहून जास्त, निव्वळ पाणी असतं. शंभर ग्रॅम पुठ्ठा म्हणजे दहा ग्रॅम पाणी, दोन चमचे. वरून मी दर पंधरवड्याला ‘बघूया’ म्हणून झाकण उघडत होते. प्रत्येक उघडण्याला नवी दमट हवा आत, आणि रात्री डबा गार झाला की तिचं दव पितळेवर.

तेव्हापासून डबा मी माघात भरते. आमच्याकडे वर्षातली सर्वांत कोरडी हवा तेव्हा असते, सकाळचं धुकं विरल्यावर दुपारी दोन-तीनच्या सुमाराला. पुठ्ठ्याची खोकी काढून टाकते, पण त्यांवरचा छर्ऱ्यांचा नंबर आणि बनावटीचं साल चिठ्ठीवर उतरवून आत ठेवते. वेगवेगळ्या नंबरांची मिसळ होता कामा नये. काडतुसं कोरड्या सुती फडक्याने पुसते, हाताच्या घामातलं मीठही पितळेला पुरे होतं. तेल मात्र कधीच लावायचं नाही. गंज सोडवायला जे पातळ तेल फवारतात ते फटीतून आत सरपटतं आणि केप मारतं. बंदुकीला तेल, काडतुसाला कोरडं फडकं. चामड्याच्या पट्ट्यातही काडतुसं ठेवून देऊ नयेत. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पितळेला हिरवी करतात. पट्टा बांधावर जाण्यापुरता.

ओल शोषायला सिलिका जेलचे दाणे घालते, कापडी पुरचुंडीत, मूठभर. मी नारिंगी दाणे घेते, ओल प्याली की ते हिरवे होतात. निळे दाणेही मिळतात, ते गुलाबी होतात, पण त्यांत कोबाल्टचं संयुग असतं, त्यांचा स्वयंपाकघराशी संबंध नको. नारिंगी दाणे मी वेगळ्या, फक्त त्यासाठीच ठेवलेल्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजते. रंग परत आला की गार करून पुन्हा डब्यात. त्या वेळी काडतुसं त्या खोलीतही नसतात.

हे सांगायचं कारण असं की भिजलेली काडतुसं वाळवायला लोक भलतेच उपाय करतात. सुपात घालून उन्हात ठेवलेली मी स्वतः पाहिली आहेत, चुलीवरच्या शिंक्यात सुक्या बांगड्यांशेजारी टांगलेलीही. चुलीवर टांगणं म्हणजे घरावर संकट टांगणं. उन्हाचंही तेच. धूर न करणाऱ्या दारूचा खरा शत्रू उष्णता आहे, ती तापत राहिली की आतल्या आत कुजते आणि आंबट, झोंबणारे वायू सोडते. दारू फाजील सुकली तर तडाखाही वाढतो. म्हणून पत्र्याखालचा माळा नको, उन्हात उभी केलेली गाडी नको. घराच्या मधल्या खोलीत, जमिनीपासून हातभर वर, बाहेरच्या भिंतीला न टेकता, कुलुपात. बंदूक दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या किल्लीने. शीतकपाटातही ठेवू नये, बाहेर काढताच दव धरतं.

काळी दारू मात्र या आवळलेल्या डब्यात ठेवायची नाही. जाड लोखंडी, घट्ट बंद भांड्यात ती पेटली तर भांडंच बाँब होतं. ती थोडीच आणावी आणि आली त्याच डबीत, विस्तवापासून लांब ठेवावी.

परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते, तेव्हा साठा करायचा प्रश्नच येत नाही. मला तर वाटतं, साठा हेच निम्म्या ओलीचं मूळ. वर्षाला लागतील तेवढीच घ्यावीत, जुनी आधी वापरावीत. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. एकदा माझी बंदूक परत आली तेव्हा नळीत तांबूस गंजाचं जाळं होतं. तेव्हापासून मी आत तेलाचा हात फिरवून, सुती गवसणीत घालून देते, आणि आणली की त्याच संध्याकाळी पुसते. तुंबलेली नळी मी स्वतः साफ करत नाही. त्या रात्रीची चकती तात्यांनी, बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून, लाकडी गजाने ठोकून काढली होती, आणि तरीही बंदूक कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय मला हातात दिली नाही.

राहिली ती अकरा काडतुसं. चार फुगलेली, दोन उललेली, एक तडकलेलं. बाकीची चार बाहेरून धड दिसत होती. ती तरी ठेवूया, असं मी म्हटलं. तात्या काही बोलले नाहीत, त्यांनी नमद्याची ती काळी पडलेली चकती खिशातून काढून माझ्या पुढ्यात ठेवली. अशी काडतुसं विहिरीत टाकू नयेत, पुरू नयेत, जाळू नयेत. परवानाधारक विक्रेत्याला विचारून पोलीस ठाण्यात द्यावीत. आम्ही अकराच्या अकरा डब्यात घातली, परवाना घेतला आणि सकाळच्या एस.टी.च्या वेळेआधी ठाण्यात फोन करून, आणतो आहोत, असं कळवलं. हवालदारांनी टेबलावर ती एका ओळीत मांडून मोजली, नोंद केली, आणि तडकलेलं उचलून उजेडात धरलं.

“हे कशाने झालं?” त्यांनी विचारलं.

“म्हशीच्या मुताने,” तात्या म्हणाले, आणि मग खुर्ची ओढून त्यांना सगळं सांगायला बसले.