पाचवे चाक आणि पाठीवरचा भार

अमेरिकेत घर मागे जोडून हिंडणाऱ्या माणसाने कोणता ट्रक घ्यावा, हा विषय आम्ही सुचविला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे अंमळ संशयाने पाहिले. मोटार-कामगारांत तीस वर्षे काढलेल्या माणसाने वेतन, बोनस, कामाचे तास यांवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती रास्तही आहे. परंतु हा विषय आमच्याकडे आपल्या पायांनी चालत आला. आमच्या युनियनमधील एक जुने सहकारी, कंटेनरचे ट्रेलर चालवून निवृत्त झालेले, एके सायंकाळी कागदांची चळत घेऊन घरी आले. त्यांचा मुलगा अमेरिकेत वीजकेंद्रांच्या बांधकामावर इंजिनिअर आहे. दर आठ-दहा महिन्यांनी गाव बदलते. भाड्याच्या घरांना कंटाळून त्याने चाकांवरचे घर घ्यावयाचे ठरविले होते आणि ते ओढण्यासाठी एका ट्रकची विसार रक्कमही देऊन ठेवली होती. विक्रेत्याने त्यास सांगितले होते की, ही गाडी सात टन सहज ओढते. सहकारी म्हणाले, “ओढेल हो, पण घाटात थांबेल का, ते बघा. आत सून आणि चार वर्षांची नात बसणार आहे.”

ते कागद आम्ही तीन आठवडे वाचले. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो.

प्रथम ‘पाचवे चाक’ म्हणजे काय ते पाहू. घोडागाडीचा पुढचा आख वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवे, जमिनीस समांतर असे फिरते कडे बसवीत. चार चाके रस्त्यावर आणि हे पाचवे आडवे, म्हणून ते नाव. पुढे मोटारीच्या काळात डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने १९१४ मध्ये एका लाकूड-व्यापाऱ्याची होडी वाहून नेण्यासाठी मोटारीस जोडावयाची गाडी बनविली, आणि तेथून अर्ध-ट्रेलरचा धंदा वाढला. आज न्हावाशेवा बंदरातून निघणारा कंटेनरचा ट्रेलर तुम्ही रोज पाहता. त्याच्या पुढच्या ‘हॉर्स’च्या पाठीवर वंगणाने माखलेली, मागे खाच असलेली जी लोखंडी तबकडी दिसते, तेच हे पाचवे चाक. ट्रेलरच्या पोटाखालचा किंगपिन त्या खाचेत अडकतो. अमेरिकेतील मोठे राहते घर याच रीतीने जोडतात. फरक इतकाच की, तेथे हॉर्सच्या जागी पिकअप असतो आणि तबकडी त्याच्या हौद्यात, मागच्या आखाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसवितात.

या ‘वर किंवा किंचित पुढे’ मध्येच सगळे मर्म आहे. साधा ट्रेलर गाडीच्या शेपटीस गोळ्यावर अडकवितात. त्याचा दहा ते पंधरा टक्के भार त्या गोळ्यावर येतो. पाचव्या चाकाच्या घराचा वीस ते पंचवीस टक्के भार ट्रकच्या पाठीवर येतो. बैलगाडी हाकलेल्या माणसास हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. भार मागे सरकला की गाडी उलार होते, जू वर उचलते, गाडी लटपटते. भार पुढे असला की गाडी सरळ चालते, पण बैलाची मान दबते. पाचव्या चाकाचे घर साध्या ट्रेलरपेक्षा रस्त्यावर शांत चालते, वाऱ्याने शेपटीसारखे हेलकावत नाही, ते या मानेवरच्या भारामुळेच. म्हणून तो भार कमी करून चालत नाही. तो पेलणारा बैलच घ्यावा लागतो.

आता तेथील बैलांच्या जाती पाहू. अमेरिकेत भारी पिकअपना ‘पाऊण टनी’ आणि ‘एक टनी’ म्हणतात. ही नावे जुन्या काळची, हौद्यात किती माल बसे त्यावरून पडलेली. आज त्यांचा प्रत्यक्ष वजनाशी संबंध उरलेला नाही. दोन्ही त्याहून अधिक पेलतात. फोर्डचा एफ-२५० आणि शेव्हरोले किंवा रॅमचा २५०० हे पाऊण टनी; एफ-३५० आणि ३५०० हे एक टनी. एक टनीत पुन्हा दोन प्रकार आहेत: मागे एकेरी चाके असलेला आणि आपल्या ट्रकप्रमाणे मागे जोडचाके असलेला.

विक्रेता जो आकडा सांगतो तो ओढण्याचा असतो. आकडा खोटा नसतो. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने तो लिहीत असे. पुढे मोटार-इंजिनिअरांच्या संस्थेने जे-२८०७ नावाचे एक मानक ठरविले, त्यास आता कंपन्या धरून चालतात. त्यातील एक परीक्षा आम्हांस फार आवडली. ॲरिझोनातील डेव्हिस धरणापासून वर जाणारा ११.४ मैलांचा चढ आहे. हवा शंभर अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, आत थंड हवेचे यंत्र पूर्ण जोरात चालू, आणि मागे पूर्ण भार. अशा स्थितीत एकेरी चाकांच्या ट्रकने ताशी चाळीस मैलांखाली आणि जोडचाकांच्या ट्रकने पस्तीस मैलांखाली येऊ नये. परीक्षा कडक आहे, पण ती मुख्यतः इंजिनाची आणि थंड राखण्याच्या व्यवस्थेची आहे. हौद्यात, आसनांवर आणि पाट्यांवर तुमच्या संसाराचे किती ओझे येणार, हे ती सांगत नाही.

ते सांगणारा कागद दुसराच आहे, आणि तो छापील माहितीपत्रकात नसतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या कडेची एक पांढरी पट्टी चिकटविलेली असते. माणसे आणि सामान मिळून अमुक इतक्या किलोच्या वर जाऊ नये, असे तीवर लिहिलेले असते. हा आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो. शेजारी उभ्या असलेल्या, त्याच नावाच्या, फक्त कातडी आसने आणि छताला काच असलेल्या गाडीचा आकडा निराळा आणि कमी असतो. आपल्याकडे ज्यास ‘पासिंग’ म्हणतात त्याचाच हा भाऊ. मुलाने फोटो पाठविला. पाऊण टनी डिझेल, चार दारे, चारही चाकांना गती. पट्टीवरचा आकडा निघाला सुमारे ९०० किलो.

मग आम्ही पाटी घेऊन हिशेब मांडला. त्याने पसंत केलेल्या घराची भरलेली मर्यादा १४,००० पौंड, म्हणजे ६,३५० किलो. त्याचे बावीस टक्के धरले तरी १,४०० किलो ट्रकच्या पाठीवर. तबकडी आणि तिचा सांगाडा ९० किलो. दोन माणसे आणि मूल १६० किलो. हत्यारे, जॅक, दोऱ्या ६० किलो. एकूण १,७१० किलो. आणि गाडीची मर्यादा ९०० किलो. जवळजवळ दुप्पट! आणि तरीही विक्रेता खोटे बोलला नव्हता. गाडी सात टन ओढतेच.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पाऊण टनी गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांची एकूण भारमर्यादा नेमकी १०,००० पौंड, म्हणजे सुमारे ४,५३६ किलो छापलेली असते, कारण त्यावर गेले की गाडीचा सरकारी वर्ग बदलतो. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनाहून काही शे पौंड जड असते, आणि ते सारे वजन या ठरलेल्या मर्यादेतून वजा होते. म्हणून अधिक ताकदीचे इंजिन घेतले की पेलण्याची मर्यादा घटते, असा उलटा प्रकार घडतो. पुष्कळ लोक म्हणतात, “पाटे तर एक टनीसारखेच आहेत, वर हवेच्या पिशव्या बसवू, झाले!” पिशव्यांनी गाडीची मागची बाजू उचलली जाते, पट्टीवरचा आकडा उचलला जात नाही.

हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकले आहे. आमच्या उमेदवारीच्या काळात एका मालकाने आमच्या एका चालकास असेच सांगितले होते: पाटे वाढविले आहेत, भर माल. खंडाळ्याचा उतार संपण्यापूर्वी ब्रेक तापून निकामी झाले. चालक वाचला, पण त्याचा पाय गेला. आणि चौकशीत अधिक भाराचा दोष त्याच्याच माथी आला, कारण पावतीवर सही त्याची होती. आज कायद्यात अधिक भारासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनास दोन हजार असा दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तो वाढला. त्या चालकाच्या वेळी दंड फार किरकोळ होता.

उताराचा हिशेब चढाहून अधिक महत्त्वाचा, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. ट्रक, घर आणि माणसे मिळून दहा टन धरा. एक हजार मीटर खाली उतरताना त्यातून जी ऊर्जा मोकळी होते, ती उष्णतेत बदलली तर तिने साधारण ३३० लिटर पाणी उकळू लागेल. काही वाटा हवा आणि रस्ता घेतात. बाकीची कोठेतरी जिरविली पाहिजे. ती सगळी ब्रेकच्या चकत्यांत जिरवू गेल्यास चकत्या लाल होतात आणि पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. त्याच्या पश्चिमेच्या उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकांना वर चढून थांबण्यासाठी वाळू-खडीचे रस्ते मुद्दाम बांधून ठेवले आहेत. आपला बोरघाट पाचशे मीटरांच्या आसपासचा; यावरून कल्पना करावी.

डिझेलचा खरा फायदा येथे आहे. आजच्या डिझेल पिकअपमध्ये धूर बाहेर पडण्याची वाट आवळून इंजिनालाच ब्रेक बनविण्याची सोय असते. पाय न लावता गाडी आपला वेग धरून उतरते. शिवाय उंचावरच्या विरळ हवेत साधे पेट्रोल इंजिन दमते. टर्बोचे डिझेल फारसे दमत नाही. पुण्याच्या श्रोत्यांना कमिन्स हे नाव नवे नाही. १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर त्यांचा कारखाना कोथरूडला उभा राहिला. त्याच घराण्याचे इंजिन १९८९ पासून डॉज आणि आता रॅमच्या पिकअपमध्ये बसते. तथापि जो वर्षातून दोनदा सपाट मुलखात जाणार आहे त्याने डिझेलच्या मागे लागू नये. किंमत जास्त, देखभाल महाग, आणि धूर शुद्ध करण्याचे द्रव्य वेगळे भरावे लागते.

हौद्याच्या लांबीबद्दल थोडक्यात. साडेसहा फुटी हौद्यात घर जोडले तर तीव्र वळणावर घराचा कोपरा ट्रकच्या मागच्या काचेवर आदळू शकतो. त्यासाठी सरकती तबकडी घ्यावी लागते, ती जड आणि महाग. आठ फुटी हौद्यात ही कटकट बहुधा नाही.

हे ट्रक कोण बनविते, हेही आम्ही पाहिले. सवय जात नाही. फोर्डचे भारी पिकअप लुइव्हिल येथील केंटकी ट्रक प्लँटमध्ये बनतात. ११ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथील ८,७०० कामगार युनायटेड ऑटो वर्कर्सच्या संपात उतरले. कंपनीचा सर्वांत किफायतशीर माल तेथूनच निघतो, हे युनियनला ठाऊक होते. दोन आठवड्यांत फोर्डशी तात्पुरता करार झाला, आणि पुढे मंजूर झालेल्या त्या करारात सुमारे साडेचार वर्षांत पंचवीस टक्के पगारवाढ होती. शेव्हरोलेचे भारी पिकअप फ्लिंट शहरात बनतात. १९३६-३७ च्या हिवाळ्यात कामगार कारखान्यातच ठिय्या देऊन ४४ दिवस बसले, ते हेच गाव. असो.

मुलाने विसार मोडली. त्यात थोडे पैसे गेले. त्याने पाच वर्षे वापरलेला, जोडचाकांचा, आठ फुटी हौद्याचा एक टनी डिझेल घेतला. पट्टीवरचा आकडा सुमारे २,४०० किलो. जोडचाकांची गाडी गावात उभी करणे कठीण जाते आणि सहा टायर बदलावे लागतात, अशी सुनेची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

घर जोडून निघण्यापूर्वी काट्यावर जा, एवढेच आम्ही त्यास बजावले होते. कंपनीच्या माहितीपत्रकातील घराचे वजन कोरडे असते. त्यात पाणी नसते, भांडीकुंडी नसतात, पुष्कळदा बॅटरीही नसते. तेथे ट्रक थांबतात त्या पंपांवर काटे असतात. पुढचा आख, मागचा आख आणि घराचे आख, अशी तीन वजने एकदम मिळतात. मग घर सोडून एकटा ट्रक पुन्हा मोजला की पाठीवरचा भार कळतो. त्याने आकडे कळविले: पुढचा आख २,२४०, मागचा ३,१५०, घराचे आख ४,८६०. पाठीवर १,३८० किलो, म्हणजे घराच्या वजनाच्या बावीस टक्के. सहकाऱ्यांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि मुलास फोनवर विचारले, “पाण्याची टाकी भरलेली होती का रे?”

टाकी रिकामी होती. ती दोनशे लिटरची, म्हणजे दोनशे किलोची, आणि घराच्या आखांच्या पुढे बसविलेली; भरली की त्यातला काही भार पाठीवर येणार. “बाबा, रविवारी टाकी भरून पुन्हा काट्यावर जातो,” असे तो म्हणाला.