बालकांचा मोतीबिंदू

मोतीबिंदू हा वार्धक्याचाच विकार होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु तो जन्मतःही असू शकतो, आणि तेथे ‘मूल जरा मोठे होऊ द्या’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला घातक ठरतो. पाहण्याची विद्या मेंदू पहिल्या काही महिन्यांतच आत्मसात करू लागतो. त्या काळात डोळ्यात स्पष्ट प्रतिमा न उमटल्यास पुढे शस्त्रक्रिया होऊनही दृष्टी मंदच राहते. यास्तव दाट मोतीबिंदू एका डोळ्यात असल्यास सुमारे ४ ते ६, आणि दोहोंत असल्यास ६ ते ८ आठवड्यांच्या वयात तो काढावा, याविषयी तज्ज्ञांत बव्हंशी एकमत आहे.

सात महिन्यांखालील अर्भकांस कृत्रिम भिंग बसविण्याबाबत मात्र ते सावध आहेत. एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ अर्भकांच्या अमेरिकेतील अभ्यासात (निष्कर्ष २०१४) भिंगाने दृष्टी अधिक सुधारली नाही. पुनःशस्त्रक्रिया मात्र वाढल्या.

शस्त्रक्रियेने काम संपत नाही. चष्मा वा कॉन्टॅक्ट लेन्स, गरजेप्रमाणे चांगल्या डोळ्यावर पट्टी, आणि काचबिंदूच्या भीतीने आयुष्यभर तपासणी आवश्यक असते. थकलेली उधारी पुढेमागे वसूल होते; हे आठवडे होत नाहीत. म्हणून आमची सर्व कुटुंबांस विनंती आहे की, तान्ह्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसताच त्यास विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.